विश्लेषण : बाद फेरीचा एकही सामना न खेळलेला जो थॉमस ‘हॉल ऑफ फेम’मध्ये कसा? काय आहे १०,३६३ हा आकडा?

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये जो थॉमस ११ हंगाम खेळला, तेही एकाच संघाकडून. त्या काळात क्लीव्हलँड ब्राऊन्सने १७६ पैकी ४८ सामने जिंकले आणि १२८ गमावले. बाद फेरीचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. तरीही २०२३ मध्ये, पात्र ठरल्याच्या पहिल्याच वर्षी, त्याला ‘प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले. ना धावा, ना गोल, ना विजेतेपद. मग त्याची थोरवी मोजली कशी?

ऑफेन्सिव्ह लाइनमन नेमका काय करतो?

चेंडू ज्या संघाकडे असतो, त्याच्या ११ खेळाडूंपैकी पाच जण ऑफेन्सिव्ह लाइनमन असतात. मधोमध सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड आणि दोन टोकांना टॅकल. सेंटरने पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅककडे दिला की डाव सुरू होतो. यालाच स्नॅप म्हणतात. प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला पाडण्यासाठी धावून येतात. त्यांना जेमतेम अडीच-तीन सेकंद थोपवायचे, म्हणजे तेवढ्यात चेंडू फेकता येतो. धावण्याचा डाव असेल, तर समोरच्याला रेटून वाट मोकळी करायची.

लाइनमन सहसा चेंडूला हात लावत नाहीत. पुढे जाऊन पास झेलण्याचीही त्यांना साधारणपणे परवानगी नसते. कबड्डीत चढाईपटूच्या नावावर गुण लागतो, तसे यांच्या नावावर काहीच लागत नाही. मात्र समोरच्याला नियमबाह्य पद्धतीने धरून ठेवले, तर पंच ध्वनिक्षेपकावरून त्यांचा जर्सी क्रमांक जाहीर करतात आणि संघाला १० यार्ड मागे जावे लागते. म्हणजे चूक झाली तरच नाव पुढे येते!

लेफ्ट टॅकलला इतके महत्त्व का?

उजव्या हाताने चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक फेकताना उजवीकडे वळलेला असतो. डावीकडून, पाठीमागून येणारा प्रतिस्पर्धी त्याला दिसत नाही. ही त्याची ‘ब्लाइंड साइड’, आणि तिची राखण करतो तो लेफ्ट टॅकल. क्वार्टरबॅक जायबंदी होणे संघाला किती महागात पडते, हे १८ नोव्हेंबर १९८५ रोजी अमेरिकेने टीव्हीवर पाहिले. न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरने पाडल्यावर वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइसमन याचा पाय मोडला. त्याची कारकीर्द तिथेच संपली. थॉमसची जागा होती लेफ्ट टॅकलची.

थॉमसने वेगळे काय केले?

विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या या खेळाडूला ब्राऊन्सने २००७ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडले. न्यूयॉर्कच्या झगमगाटी सोहळ्याला न जाता तो त्या दिवशी वडिलांसोबत मिशिगन सरोवरात मासेमारी करत होता. त्यानंतर पहिल्या सामन्यापासून त्याच्या संघाच्या आक्रमणाचा प्रत्येक स्नॅप तो खेळला. सलग १०,३६३. एनएफएलने १९९९ पासून स्नॅप मोजायला सुरुवात केली, तेव्हापासूनची ही सर्वांत मोठी सलग मालिका मानली जाते.

या काळात सहा मुख्य प्रशिक्षक झाले. सुरुवातीपासून खेळणारे तब्बल २० क्वार्टरबॅक त्याच्या पाठीमागे उभे राहून गेले. डावीकडचा माणूस मात्र तोच राहिला. कारकिर्दीच्या पहिल्या दहाही हंगामांत त्याची ‘प्रो बोल’साठी निवड झाली.

कॉम्प्युटरच्या भाषेत सांगायचे, तर हा सर्व्हरचा ‘अपटाइम’ झाला. सर्व्हर बंद पडला की सगळे ओरडतात. सुरू असतो तेव्हा त्याची कुणाला आठवणही नसते. ज्याचे काम काहीही न घडू देणे हेच आहे, त्याच्याबाबतीत मोजायला उरते ती हजेरीच.

संघ सोडण्याची संधी नव्हती का?

होती. २०१५ च्या हंगामात खेळाडूंच्या अदलाबदलीच्या शेवटच्या दिवशी डेन्व्हर ब्रॉन्कोज त्याला घेण्याच्या बेतात होते. व्यवहार फिसकटला. त्याच हंगामात डेन्व्हरने सुपर बोल जिंकला. थॉमस मात्र क्लीव्हलँडमध्येच राहिला. पुढच्या वर्षी ब्राऊन्सला एकच विजय मिळाला. २०१७ मध्ये तर १६ पैकी १६ सामने गेले.

शरीराने काय किंमत मोजली?

२२ ऑक्टोबर २०१७. टेनेसी टायटन्सविरुद्धच्या सामन्यात थॉमसच्या डाव्या दंडाचा ट्रायसेप्स स्नायू फाटला आणि मालिका थांबली. मार्च २०१८ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

खेळताना त्याचे वजन सुमारे १४० किलो होते. धावत येणाऱ्या धिप्पाड प्रतिस्पर्ध्यापुढे मागे सरकत उभे राहायचे, तर वजन लागतेच. त्यामुळे खाणे हाही कामाचाच भाग होता. निवृत्तीनंतर त्याने २० किलोंहून अधिक वजन उतरवले आणि जुन्या चाहत्यांना त्याला ओळखणे अवघड झाले. विसरायला होत असल्याचे तर त्याने खेळत असतानाच सांगितले होते. ते कदाचित वयामुळेही असेल, असेही तो म्हणाला होता. डोक्याला बसणाऱ्या धक्क्यांची चर्चा या खेळात गेली अनेक वर्षे सुरू आहे. त्या पार्श्वभूमीवर १०,३६३ या आकड्याकडे नुसत्या कौतुकाने पाहता येत नाही. यातल्या बहुतेक स्नॅपवर कुणाला तरी अंगाने भिडावे लागले होते.

मग यशाचे माप काय?

२०२३ मध्ये थॉमससोबत डीमार्कस वेअर हाही ‘हॉल ऑफ फेम’मध्ये दाखल झाला. वेअरचे काम नेमके उलटे, क्वार्टरबॅकला पाडण्याचे. त्याच्या नावावर १३८.५ ‘सॅक’ आहेत. पाडणाऱ्याचा हिशेब असा अर्ध्या सॅकपर्यंत ठेवला जातो. त्याला अडवणाऱ्याच्या नावापुढे असा रकाना नसतो.

क्लीव्हलँडने तो आपल्या परीने तयार केला. २० सप्टेंबर २०१८ रोजी न्यूयॉर्क जेट्सविरुद्धच्या सामन्यात थॉमसचा गौरव झाला आणि स्टेडियममध्ये १०,३६३ हा आकडा झळकला. त्या रात्री ब्राऊन्सने २१-१७ असा विजय मिळवला. १९ सामन्यांनंतरचा हा त्यांचा पहिलाच विजय होता. थॉमस तेव्हा मैदानाबाहेर होता.