टाइल्सवरचा पांढरा पट्टा

(‘साठवलेलं पाणी’ : भाग ९)

ट्रॉम्ब्यात एक तलाव असा आहे की ज्याच्या पाण्यात कॅल्शियमला शिरकावच नसतो. तो ‘अप्सरा’ अणुभट्टीचा. ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झालेली ही भट्टी ‘स्विमिंग पूल’ प्रकारातली, म्हणजे इंधनाचा गाभा थेट खोल पाण्यात सोडलेला. तेच पाणी गाभा थंड ठेवतं, न्यूट्रॉनचा वेग कमी करतं आणि किरणोत्सर्गही अडवतं. म्हणून ते रेझिनमधून फिरवून क्षारमुक्त ठेवावं लागतं. नाहीतर इंधनावरचं ॲल्युमिनियमचं आवरण गंजतं आणि विरघळलेले क्षार स्वतःच किरणोत्सारी होतात. १० सप्टेंबर २०१८ला तिची सुधारित आवृत्ती सुरू झाली, तीही याच प्रकारातली.

पोहण्याच्या तलावाला असं पाणी परवडणार नाही, आणि मानवणारही नाही. क्षारांची भूक असलेलं पाणी टाइल्सच्या सांध्यांतल्या सिमेंटमधला चुना ओढून घेतं. इथे हवा असतो तो तोल. १९३६ साली बर्कलीतल्या विल्फ्रेड लँगेलिअर यांनी तो मोजायचा निर्देशांक मांडला. सामू, तापमान, अल्कलीपणा आणि कॅल्शियम यांवरून तो काढतात. शून्याच्या आसपास पाणी शांत असतं, खाली गेलं की सिमेंट खातं, वर गेलं की भिंतीवर थर चढवतं.

भातसा-तानसाचं पालिकेचं पाणी मुळात पावसाचं, मऊ. सोसायटीचे तलाव मात्र बहुधा टँकरने किंवा बोअरने भरतात, आणि खाडीलगतचं बोअरचं पाणी क्षारांनी जड असतं. आता हिशोब करू. समजा तलाव १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद आहे आणि मे महिन्यात रोज ५ मिलिमीटर पाणी उडतं. म्हणजे रोज ३६० लिटरची भर घालायची. त्या पाण्याची कठीणता लिटरला ४०० मिलिग्रॅम असेल, तर रोज १४४ ग्रॅम आणि महिन्याला सव्वाचार किलो क्षार तलावात येऊन पडतात. वाफ उडून जाते, क्षार जात नाहीत. पाण्याच्या रेषेवरच्या टाइल्स उन्हाने तापतात, लाट येऊन त्या भिजवते, पाणी सुकतं आणि पट्टा जाड होत जातो. त्यात रोज ब्लीचिंग पावडर टाकत असाल तर कॅल्शियम आणि सामू दोन्ही चढतात. म्हणून नुसतं घासून हा प्रश्न कधीच सुटत नाही. पट्टा काढायचाच, पण पाण्याचा तोलही त्याच आठवड्यात सावरायचा.

काढण्याआधी थर कोणता ते ओळखा. पाणी पट्ट्याखाली हातभर उतरवा आणि कोपऱ्यात सौम्य ॲसिडचे दोन थेंब टाका. फसफसून बुडबुडे आले तर तो कॅल्शियम कार्बोनेट. त्याच्याशी झटापट सोपी. काहीच हललं नाही आणि थर करडा, काचेसारखा कडक असेल, तर तो सिलिकेट. त्यावर ॲसिडचे डबे ओतणं व्यर्थ, सांधे मात्र खाऊन जातात. तिथे पाण्याचा सामू महिनोन्‌महिने ७.२च्या आसपास ठेवून थोडं थोडं घासणं एवढाच सुरक्षित मार्ग.

कार्बोनेटचा पातळ थर टाचा घासायच्या वजरीने निघतो. टाइल आणि वजरी दोन्ही ओली हवीत. काचेच्या मोझेकवर वजरी नकोच, ओरखडे पडतात. जाड थराला सल्फॅमिक ॲसिडची पावडर पाण्यात विरघळवून लावा, पाच मिनिटं थांबा, नायलॉनच्या ब्रशने घासा. तारेचा ब्रश वापरू नका, तुटलेल्या तारा गंजून डाग पाडतात. धुतलेलं पाणी तलावात सोडू नका. विरघळलेलं कॅल्शियम परत त्याच पाण्यात जातं. ते बादलीत घ्या किंवा पंपाने बाहेर काढा.

हे काम बहुतेक ठिकाणी रोजंदारीवरच्या माणसाला, हातात हायड्रोक्लोरिक ॲसिडची बाटली देऊन सोपवलं जातं. मला याचा राग येतो. रिकामा तलाव म्हणजे खोल खड्डा, आणि या ॲसिडची वाफ हवेहून जड, खाली साचणारी. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकाच बादलीत पडलं तर क्लोरीन निघतो आणि तो जीव घेऊ शकतो. गॉगल, रबरी हातमोजे, ॲसिडच्या वाफेसाठीचा मास्क आणि काठावर उभा दुसरा माणूस, यांतलं काहीही कमी असेल तर काम थांबवा. आणि ॲसिड नेहमी पाण्यात ओता, ॲसिडात पाणी कधीच नाही.

पट्टा गेल्यावर एक तृतीयांश पाणी बदला आणि कॅल्शियमची कठीणता लिटरला २०० ते ४०० मिलिग्रॅमच्या दरम्यान आणा. पावसाळ्यात हे फुकटात होतं. ओव्हरफ्लो उघडा ठेवा, पावसाचं मऊ पाणी जुन्याला बाहेर ढकलतं. मात्र त्या दिवसांत तलाव पूर्ण रिकामा करू नका. ट्रॉम्ब्याच्या खाडीकाठी जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं आणि ते रिकाम्या तलावाला खालून उचलून तडा देऊ शकतं.

पुढच्या भागात वाळूचा फिल्टर.