काला मोतिया : गेलेली नजर परत का येत नाही, आणि प्रयोगशाळेत काय चाललंय?

खामगाव, मलकापूर, नांदुरा, चिखली, कुठल्याही मोहल्ल्यात दोन आजारांची गल्लत हमखास होते. सफेद मोतिया म्हणजे मोतीबिंदू आणि काला मोतिया म्हणजे काचबिंदू. दोन्हींच्या नावात 'मोतिया' असल्यामुळे घरच्यांना वाटतं, ऑपरेशन झालं की अब्बांना पुन्हा दिसू लागेल. मोतीबिंदूत बहुतेक वेळा तसं होतं. काचबिंदूत मात्र गेलेली नजर परत येत नाही. असं का, आणि शास्त्रज्ञ त्यावर काय करत आहेत, ते आम्ही इथे सोप्या भाषेत सांगत आहोत.

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर चित्र उमटतं. ते मेंदूपर्यंत नेण्याचं काम पडद्यातल्या खास मज्जापेशी करतात. या प्रत्येक पेशीचा एक लांब धागा असतो. असे १० ते १२ लाख धागे एकत्र येऊन डोळ्याची नस बनते. काचबिंदूत याच पेशी हळूहळू मरतात, बहुतेक वेळा डोळ्यातला दाब वाढल्यामुळे. बहुतेक वेळा दुखत नाही, लाल होत नाही. नजर आधी कडेने जाते, त्यामुळे लक्षात येईपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. कातडी कापली तर भरून येते, पण या पेशी मेल्या की शरीर नव्या तयार करत नाही.

मग या पेशी वाचवायच्या कशा? त्यासाठी आधी त्यांचा अभ्यास हवा. पण जिवंत माणसाच्या डोळ्यातून त्या काढता येत नाहीत. उंदराच्या पडद्यातल्या शंभर पेशींत अशी एखादीच सापडते, आणि बाहेर काढल्यावर ती वाढत नाही, थोड्याच दिवसांत मरते. म्हणून शास्त्रज्ञांना बशीत सतत वाढत राहील अशी पेशी हवी होती.

२००१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमधून अशी पेशी आली. तिचं नाव आरजीसी-५. ती रॅट जातीच्या मोठ्या उंदराच्या पडद्यातली मज्जापेशी आहे, असं सांगण्यात आलं. जगभरच्या प्रयोगशाळांनी ती वापरली, काचबिंदूवरच्या औषधांच्या कल्पना तिच्यावर तपासल्या, शेकडो शोधनिबंध निघाले. २००९ मध्ये डीएनए तपासला तेव्हा कळलं, ही पेशी रॅटची नव्हे, छोट्या घरगुती उंदराच्या जातीची आहे. २०१३ मध्ये तर ती मूळ गटानेच जुन्या नोंदी आणि नमुने उकरून जाहीर केलं की ही मज्जापेशीच नाही. त्याच प्रयोगशाळेत ठेवलेली, पडद्यातली उजेड टिपणारी दुसरीच पेशी तिच्यात मिसळली होती. बारा वर्षं जगाने एका पेशीच्या नावाखाली दुसरीचाच अभ्यास केला.

दुकानात डब्यावर जिरं लिहिलंय आणि आत शहाजिरं आहे, असा हा प्रकार. फरक एवढाच की इथे रुग्णांची आशा पणाला लागलेली होती. म्हणून आता पेशींची ओळख डीएनएवरून तपासून घेण्यावर भर असतो. आपल्या राज्यात पुण्याला विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. देशभरच्या संशोधकांना पेशी पुरवणारं भांडार तिथे आहे, आणि पेशींची अशी ओळखपरेडही तिथे होते.

दुसरा रस्ता जपानमधून आला. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या कातडीतल्या पेशी मागे वळवून अगदी मूळ अवस्थेत नेल्या. २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आता काचबिंदूच्या रुग्णाच्या रक्तातून किंवा कातडीतून पेशी घेऊन त्यांपासून बशीत त्याच्याच मज्जापेशी घडवता येतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतही अशा मूळ पेशींपासून पडद्याच्या ऊती वाढवण्याचं काम झालं आहे. पण या छोट्या पडद्याला रक्तवाहिन्या नसतात, पुढे मेंदू नसतो. धाग्याला पोहोचायला जागाच नसते, म्हणून काही महिन्यांत त्यातल्या मज्जापेशी मरू लागतात. औषध शोधायला हा नमुना उपयोगी आहे, पण त्यातून नजर परत देणारा इलाज अजून तयार झालेला नाही.

म्हणून 'स्टेम सेलने काला मोतिया बरा' असं सांगून कुणी पैसे मागितले तर शेत किंवा दागिने विकू नका.

आज हातात असलेला उपाय म्हणजे दाब कमी ठेवून उरलेल्या पेशी वाचवणं. चाळिशीनंतर घरातल्या सगळ्यांची डोळ्याचा दाब आणि नस तपासून घ्या. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर अजिबात टाळू नका. जिल्हा रुग्णालयाच्या नेत्र विभागात विचारा. डोळे चोळत मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब मनाने आणू नका, त्याने दाब वाढू शकतो. चालू असलेले थेंब रमजानमध्येही बंद करू नका. हनफी मतानुसार डोळ्यात औषध टाकल्याने रोजा तुटत नाही. मनात शंका असेल तर आपल्या इमाम साहेबांना विचारा आणि डॉक्टरांकडून वेळ ठरवून घ्या, पण एकही दिवस चुकवू नका.

मेलेली पेशी परत आणायला विज्ञानाला अजून वेळ लागेल. जिवंत आहे ती सांभाळणं मात्र आजही आपल्या हातात आहे.