सभेलाही परवानगी लागायची, त्या हैदराबादेत

मराठवाड्यातल्या मित्रांनो, हा आपलाही इतिहास आहे! निजामाच्या राज्यात 'गश्ती निशाण ५३' या हुकमामुळे सभा घ्यायलाही आधी परवानगी लागे. १९३८मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर स्थापनेआधीच बंदी आली. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी सत्याग्रह करून तुरुंगात गेले. मागणी होती नागरी स्वातंत्र्याची आणि जबाबदार राज्यपद्धतीची.

मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन तेव्हा निजामाच्या सत्तेच्या बाजूने उभी होती. लातूरचे वकील कासिम रझवी तिचे अध्यक्ष झाले आणि तिच्या रझाकार या सशस्त्र दलाच्या अत्याचारांनी गावं हादरली. पुढे हैदराबाद भारतात विलीन झाल्यावर, १९५०च्या दशकाच्या अखेरीस अब्दुल वाहेद ओवैसींनी मजलिस पुन्हा उभी केली, ती मात्र भारतीय राज्यघटना मान्य करून. त्यांचे नातू असदुद्दीन यांनी २०१९मध्ये लोकसभेत नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाची प्रत फाडली, तेव्हा त्यांचा आधार घटनेतल्या समानतेचाच होता. मला हा बदल फार मोठा वाटतो.

आणि काँग्रेस? सभाबंदीविरुद्ध लढलेल्या स्टेट काँग्रेसचा वारसा सांगणाऱ्या पक्षाच्या सरकारने १९७५च्या आणीबाणीत वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसवला, विरोधकांना 'मिसा' कायद्याखाली विनाचौकशी तुरुंगात डांबलं. तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते नांदेडचे शंकरराव चव्हाण. हैदराबाद मुक्तिसंग्रामात तेही होते.