कर्तन पट्टा (भूविज्ञान)

कर्तन पट्टा म्हणजे भूकवचातील असा अरुंद, लांबट भाग, ज्याच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांच्या सापेक्ष सरकतात व त्यामुळे होणारे विरूपण मुख्यत्वे त्याच भागात एकवटते. त्याची रुंदी काही मिलिमीटरांपासून अनेक किलोमीटरांपर्यंत असू शकते. भूपट्टांच्या सीमांवर मोठे कर्तन पट्टे आढळतात.

== विरूपणाची प्रक्रिया ==
खडक तुटणार की प्रवाही होणार, हे तापमान, दाब, खनिजे, पाण्याचे प्रमाण व विरूपणाचा वेग यांवर अवलंबून असते. भूपृष्ठालगतचा थंड खडक ठिसूळ असतो. तो भंगतो व विभंगालगत त्याचा चुरा होतो. खोलवर, सुमारे ३०० °से.च्या वर क्वार्ट्झ आणि ४५० °से.च्या आसपास फेल्स्पार, न वितळता घन अवस्थेतच संथपणे आकार बदलू लागतात. स्फटिकांच्या अणुरचनेतील दोष सरकत जातात, मोठे कण लांबट होतात व त्यांच्या जागी सूक्ष्म कण तयार होतात.

अशा सूक्ष्मकणी, पट्टेदार खडकाला मायलोनाइट म्हणतात. चार्ल्स लॅपवर्थ यांनी १८८५ मध्ये स्कॉटलंडमधील खडकांना हे नाव दिले. खडक दळला गेला असावा, या समजुतीने त्यांनी ते ‘गिरणी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतले. पुढे स्फटिकांचे प्रवाही विरूपण हे खरे कारण समजले, तरी नाव कायम राहिले.

== अल्पाइन विभंग ==
न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील अल्पाइन विभंग ही पॅसिफिक व ऑस्ट्रेलियन भूपट्टांची सीमा आहे. तिच्या दोन्ही बाजूंचे एकेकाळी सलग असलेले खडक आज सुमारे ४८० किमी. दूर गेलेले आहेत. येथे आडव्या सरकण्याबरोबर पॅसिफिक बाजू वरही उचलली जाते व तिची झपाट्याने झीज होते. त्यामुळे खोलवर तयार झालेला मायलोनाइट भूपृष्ठावर उघडा पडला आहे.

== भूकंपाशी संबंध ==
खालचा उष्ण भाग सतत संथपणे सरकत असताना वरचा ठिसूळ भाग घर्षणामुळे अडकून राहतो व त्यात ताण साठतो. अल्पाइन विभंगावर सरकण्याचा वेग वर्षाला सुमारे २७ मिमी. आहे, म्हणजे ३०० वर्षांत सुमारे ८ मी. सरक साठते. येथील शेवटचा मोठा भूकंप १७१७ च्या सुमारास झाला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पुढील ५० वर्षांत विभंगाच्या मध्यभागी मोठा भूकंप होण्याची शक्यता सुमारे ७५ टक्के आहे. ठिसूळ थर जितका जाड, तितके भंगू शकणारे क्षेत्र मोठे. म्हणून संभाव्य भूकंपाच्या तीव्रतेचा अंदाज बांधताना मायलोनाइटचा अभ्यास उपयोगी ठरतो.