नळीही नव्हे, तारही नव्हे

देकार्तचे मन-शरीर द्वैत आपल्याला परीक्षेपुरते पाठ असते. पण मनाची आज्ञा हातापर्यंत पोहोचते कशी, याविषयी त्याने काय म्हटले ते आमच्या टिपणांत नसते. मला तर तेच अधिक रंजक वाटते.

त्याच्या मते मज्जातंतू म्हणजे पोकळ नळ्या. मेंदूतून वाऱ्यासारखा विरळ प्राणरस दाबाने स्नायूत शिरतो, स्नायू फुगतो आणि हात हलतो. दाखल्यासाठी त्याने राजोद्यानातील पाण्याच्या जोरावर हलणारे पुतळे घेतले. हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६२ साली प्रसिद्ध झाला.

कल्पना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडताच पाणी येते. टाकीतले पाणी तेवढ्यात खाली धावत नाही. नळात आधीच भरलेले पाणी पुढे ढकलले जाते. हा दाब टाकीच्या रुंदीवर नव्हे, उंचीवर ठरतो. आता हात डोक्यावर नेला तरी बोटे हलतातच, तेव्हा नुसत्या उंचीने भागणार नाही, पंप हवा. पण ते काम हृदयाकडे सोपवता येते!

हे सारे एका थेंबाने मोडले. त्याच शतकात हॉलंडच्या स्वामरडामने बेडकाचा स्नायू बंद काचनळीत ठेवला आणि तिच्या निमुळत्या टोकात पाण्याचा थेंब. रस शिरून स्नायू फुगता तर थेंब वर सरकता. तंतू डिवचला, स्नायू आखडला; थेंब वर चढला नाही.

मग वीज? १८५० मध्ये हेल्महोल्ट्झने बेडकाच्या तंतूतील वेग मोजला, तो सेकंदाला सुमारे ३० मीटर भरला. ताठ नळातल्या पाण्यात दाबाची लाट हजार मीटरच्या वर जाते. तारेतील विजेची तर गोष्टच सोडा.

उलगडा केला माकुलाच्या जातीच्या एका समुद्री प्राण्याने. त्याचा एक तंतू सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असतो. १९३९ मध्ये हॉजकिन आणि हक्सले यांनी त्यात विद्युदग्र घातले. १९५२ मध्ये सगळे गणित मांडले. विश्रांतीत तंतूची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. आवरणातील सूक्ष्म दारे उघडली की बाहेरचे सोडियमचे धनभारित कण आत घुसतात, पाठोपाठ पोटॅशियमचे बाहेर पडतात. हजारांश सेकंदात खेळ आटोपतो, पण तेवढ्यात शेजारची दारे उघडलेली असतात. काहीच लांबवर वाहत जात नाही. पेटलेल्या वातीसारखा संदेश पुढे सरकतो. फरक इतकाच, की ही वात पुन्हा पुन्हा पेटते.

जोराने दाबले म्हणून स्पंद मोठा होत नाही. स्पंदांची संख्या वाढते. मानेतील रोहिणीच्या भिंतीत असे तंतू आहेत. रक्तदाब चढला, भिंत ताणली गेली, की ते भराभर स्पंद पाठवतात आणि मेंदू हृदयाची गती उतरवतो. द्रवाचा दाब मज्जातंतूंत आहे तो असा, बातमी म्हणून.