ट्रॅक सोडून रस्त्यावर

हॉस्टेलवर सायकल घेऊन आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारतंच, "काहून बे, ट्रकखाली जायचा विचार आहे का?" प्रश्न अगदीच खोटा नाही. घुग्घुस रोडला कोळशाचे ट्रक, आणि मूल रोडला लोहारा ओलांडून जंगल लागलं की खुद्द वाघोबा. तरीसुद्धा रोज सायकल मारणाऱ्यांना विचारा की वेगळा सायकल ट्रॅक हवा का साधा डांबरी रस्ता, तर बरेच जण रस्ताच म्हणतील. ऐकणाऱ्याला हा वेडेपणा वाटतो. पण त्यामागे हिशेब आहे, आणि तो फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये बसतो.

ट्रॅकचा अनुभव आपल्याकडच्या पोरांना साधारणपणे पुण्या-मुंबईला ट्रेनिंगसाठी गेल्यावर येतो. पुणे म्हणजे एकेकाळचं सायकलींचं शहर. २००६ नंतर तिथे बीआरटीच्या रस्त्यांबरोबर सायकल ट्रॅक झाले, आणि डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने अख्ख्या शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. नकाशात सगळं झकास. प्रत्यक्षात ट्रॅक बऱ्याच ठिकाणी फुटपाथला चिकटलेला, पेव्हर ब्लॉकचा. मोटारसायकली शिरू नयेत म्हणून मध्ये खांब रोवलेले, त्यातूनही शिरलेल्या मोटारसायकली, मग विजेचा डीपी, मग बस स्टॉप, मग कोणाची तरी उभी केलेली गाडी. आणि चौक आला की ट्रॅक गायब!

आता हिशेब. सायकल आणि चालवणारा मिळून ८० किलो धरा, वेग ताशी २० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण ५.५ मीटर. गतिज ऊर्जा निघते सुमारे १२०० ज्यूल. ब्रेक दाबून थांबलात की ही सगळी ऊर्जा ब्रेक पॅडमध्ये गेली, पुन्हा तेवढा वेग घ्यायला ती मांड्यांतून काढायची. सपाट रस्त्यावर याच वेगाने जाताना हवेचा आणि चाकांचा मिळून विरोध साधारण १५-१६ न्यूटन असतो. भागाकार करा: एकदा थांबून पुन्हा वेग घेणं म्हणजे अंदाजे ७५ मीटर जास्त सायकल चालवणं. किलोमीटरमध्ये दहा वेळा थांबावं लागलं तर तो किलोमीटर पावणेदोन किलोमीटरचा झाला. दूधवाला, पेपरवाला आणि कामावर जाणारा मजूर ट्रॅक सोडून रस्त्यावर का येतात याचं उत्तर इथे आहे. त्यांनी ज्यूल मोजलेले नसतात, पण मांड्या मोजतात.

दमणं एकवेळ सोडा, खरा धोका चौकात असतो. सरळ रस्त्यावर मागून गाडी येऊन उडवेल ही भीती सगळ्यांना असते. पण जिथे वाटा एकमेकींना छेदतात तिथे डोकं जास्त लावावं लागतं. तुम्ही डाव्या बाजूच्या ट्रॅकवरून झाडं, टपऱ्या, उभ्या गाड्या यांच्या आडून येताय. शेजारच्या रस्त्यावरचा कारवाला डावीकडे वळतोय. त्याच्या आरशात तुम्ही नाहीतच, कारण इतका वेळ तुम्ही रस्त्याचा भागच नव्हता. वळता वळता तो तुमच्या पुढ्यात येतो. रस्त्यावर असता तर तो एकतर तुमच्या मागे राहिला असता किंवा तुम्हाला बघून पुढे गेला असता. बघितलं जाणं, हीच सायकलवाल्याची मोठी सेफ्टी.

जंगलातल्या रस्त्याला तर हे जास्तच लागू. लोहारा ते चिचपल्लीच्या पट्ट्यात रस्त्याकडेला झाडीतून अरुंद सायकल ट्रॅक काढला अशी कल्पना करा. फोटोला छान दिसेल. पण झुडपं हँडलला लागणार, आणि पुढच्या वळणाआड रानडुक्कर आहे का वाघ, हे कळेपर्यंत तुम्ही त्याच्याजवळ पोचलेले असणार. सिव्हिलवाले ज्याला साइट डिस्टन्स म्हणतात ती मोकळ्या डांबरी रस्त्यावर कितीतरी जास्त मिळते. म्हणून तिथे सूर्य वर आल्यावरच निघायचं, चार-पाच जणांनी मिळून जायचं आणि रस्ता सोडायचा नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्या औष्णिक विद्युत केंद्राच्या आवारात ड्यूटी संपवून घरी निघालेल्या कामगाराला वाघाने मारलं, ही गोष्ट कोणी विसरू नये.

रस्त्यावर चालवायचं म्हणजे कडेला अंग चोरून चालवायचं, असं मात्र नाही. डांबराची कड आणि साइडपट्टी यांच्यात आपल्याकडे अनेक ठिकाणी वीतभर खड्डा असतो. शिवाय कडेला खडी, काचा आणि ट्रकमधून सांडलेली कोळशाची भुकटी साठते. गाड्यांच्या टायरांनी रस्त्याचा मधला भाग झाडून निघतो, कडा तशाच राहतात. पावसाळ्यात त्या भुकटीचा काळा चिखल होतो आणि चाक सटकन घसरतं. म्हणून कडेपासून साधारण मीटरभर आत, एका सरळ रेषेत चालवावं. मोठा ट्रक शेजारून जाताना हवा आधी बाहेर ढकलते, मग आत ओढते. आत मीटरभर जागा असेल तर त्या झोक्यात साइडपट्टीत उतरावं लागत नाही. वळायच्या आधी मागे बघायचं आणि हात दाखवायचा. संध्याकाळी मागचा लाल दिवा पाहिजे म्हणजे पाहिजेच.

हा विचार जगाला नवा नाही. अमेरिकेत जॉन फॉरेस्टर नावाचा एक इंजिनिअरच यासाठी आयुष्यभर भांडला. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात सायकलींना रस्त्यावरून हटवून वेगळ्या वाटांवर घालायला सुरुवात झाली, तेव्हा त्याने विरोध केला आणि १९७६ मध्ये 'इफेक्टिव्ह सायकलिंग' हे पुस्तक काढलं. सायकल हे वाहन आहे, तिने वाहनासारखं चालावं आणि इतरांनी तिला वाहनासारखं वागवावं, हा त्याचा मुद्दा. त्याच दशकात हॉलंडमध्ये लोक नेमकं उलटं मागत होते. गाड्यांखाली लहान मुलं मरत होती म्हणून आईबाप रस्त्यावर उतरले, आणि तिथे सलग, रुंद, चौकातही न तुटणारे ट्रॅक होत गेले. आज सायकलचा देश कोणता, हे सांगायला नको.

मला फॉरेस्टरचं पटतं, पण अर्ध्यापर्यंतच. त्याचा सायकलवाला कोण? विशी-तिशीतला, पंचविसाच्या वेगाने जाणारा, न घाबरता हात दाखवून लेन बदलणारा. म्हणजे आपण. आता गडचिरोली जिल्ह्यातल्या कोणत्याही मोठ्या गावाबाहेर शाळा सुटायच्या वेळी उभे राहा. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. दप्तर कॅरिअरला, दोघी-तिघी गप्पा मारत शेजारी-शेजारी, वेग दहा-बारा. २०२१ नंतर सूरजागडचं लोहखनिज घेऊन ट्रकांच्या रांगा आलापल्ली-आष्टी रस्त्याने जाऊ लागल्या, अपघात झाले, लोकांनी रस्ते अडवले. त्या रस्त्यावर नववीतल्या पोरीला "मीटरभर आत चालव, वाहनासारखी वाग" असं सांगायची माझी तरी हिंमत नाही. तिच्यासाठी वेगळी वाट पाहिजे, आणि ती खांब रोवलेली फुटपाथची शेपटी नको.

आणि हे काही परदेशी लाड नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ मध्येच सायकल ट्रॅकसाठी आयआरसी ११ ही शिफारस काढली होती. तासाला २०० पेक्षा जास्त मोटारगाड्या असतील तर तासाला १०० सायकलींसाठीसुद्धा वेगळा ट्रॅक योग्य ठरतो, असं त्यात आहे. रुंदी कमीत कमी २ मीटर. २०१५ मध्ये ती सुधारूनही निघाली. म्हणजे ट्रॅक द्यायचा की नाही हे मोजणीवर ठरतं, आणि मोजणी आपल्यासारख्यांच्या हातात असते.

गोची इथेच आहे. आपण "आम्हाला ट्रॅक नको" म्हणतो, ते वाईट बांधलेल्या ट्रॅकबद्दल. ऐकणारा समजतो की सायकलला जागाच नको. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात सायकल ट्रॅक बांधला, तो पुढे फारसा वापरात राहिला नाही आणि २०२५ मध्ये तो काढून जागा गाड्यांना द्यायचं ठरलं. ट्रॅक का वापरला नाही, ही चौकशी मागे पडली.

सिव्हिलच्या मित्रांना या सेमिस्टरला ट्रॅफिक सर्व्हे आहेच. मूल रोडला बंगाली कॅम्प चौकात मोजायला बसाल तेव्हा सकाळी दहाऐवजी शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी बसा. तक्त्यात सायकलला ०.५ पीसीयू धरतात म्हणून 'इतर' या रकान्यात ढकलू नका. कॅरिअरवर लाकडाची मोळी असलेली, दुधाचे कॅन लटकवलेली आणि शाळेच्या गणवेशातली, अशा तिन्ही वेगवेगळ्या लिहा. आणि ती डांबरावर होती का साइडपट्टीवर, हेही पुढे नोंदवा.