प्रत्येक दाण्याला एक धागा

पावसात भाजलेला भुट्टा खाताना दातात अडकणारा तो बारीक केस माहीत आहे ना? आपण तो ओढून काढतो, फेकून देतो आणि पुढचा घास घेतो. पण त्या केसाचं एक टोक कणसाच्या बाहेर लोंबत होतं आणि दुसरं टोक कणसातल्या एकाच दाण्याला जोडलेलं होतं. फक्त एका दाण्याला! शेजारच्या दाण्याचा केस वेगळा, त्याच्या शेजारच्याचा आणखी वेगळा. एका कणसावर साधारण चारशे ते सहाशे दाणे असतात. म्हणजे तेवढे तरी केस आलेच. तो केस नसता तर तो दाणाही नसता.

असं का, ते कळायला कणसापासून नाही, पेरणीपासून निघावं लागतं. चला उमरेडला.

नागपूरहून आग्नेयेला सुमारे पन्नास किलोमीटरवर उमरेड आहे. कोळशाची खाण आणि कऱ्हांडल्याचे वाघ यांच्यामुळे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. इथली वावरं मुख्यतः कापूस, सोयाबीन, तूर आणि धानाची. शेजारचं भिवापूर तर मिरचीसाठीच ओळखलं जातं. मक्याचे मोठे पट्टे बघायचे तर नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगरकडे जावं लागेल. उमरेडकडे मका दिसतो तो छोट्या तुकड्यांत: कुठे विहिरीजवळ, कुठे धुऱ्याला लागून, कधी गुरांच्या चाऱ्यासाठी, कधी हिरवी कणसं विकण्यासाठी. मला हे छोटे तुकडेच जास्त आवडतात. पाच गुंठ्यांत शेतकऱ्याबरोबर रोज फेरी मारली, की एकेक झाड ओळखीचं होतं.

मृगाचा पाऊस जमिनीत चांगला मुरला की मका पेरतात. बी चार-पाच सेंटिमीटर खोल जातं. दोन ओळींत दीड हात अंतर, दोन झाडांत वीतभर. पाच-सहा दिवसांत कोंब वर येतात आणि शेतकऱ्याची पहिली काळजी सुरू होते, ती म्हणजे पाणी. कमी पाण्याची नाही, जास्त पाण्याची! काळी जमीन पाणी धरून ठेवते. मुळांनाही हवा लागते. कोवळी रोपं दोन-चार दिवस पाण्यात बुडून राहिली तर गुदमरून मरतात. म्हणून पाऊस थांबला की शेतकरी फावडं घेऊन आधी चर मोकळे करायला धावतो.

आता एक गंमत. समजा, या दिवसांत कुणाची तरी शेळी वावरात शिरली आणि रोपाचे शेंडे कुरतडून गेली. मका संपला? नाही! पहिले तीनेक आठवडे मक्याचा वाढीचा कोंब मातीच्या खालीच असतो. वर दिसतात ती नुसती पानं. पानं गेली तर नवी येतात. म्हणून जाणता शेतकरी लगेच रोप उपटून टाकत नाही. आठवडाभर वाट बघतो.

रोप गुडघाभर झालं की त्याच्या आत फार मोठी गोष्ट घडून जाते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पोंग्याच्या, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांच्या, तळाशी कणसाची इवलीशी सुरुवात झालेली असते आणि त्या कणसावर दाण्यांच्या ओळी किती, हेही जवळपास ठरून गेलेलं असतं. तुरा अजून दिसत नाही, कणीस दिसत नाही, पण ओळी ठरल्या! म्हणून या दिवसांत पिकाला उपाशी ठेवून चालत नाही. उपाशी मका ते पानांवर लिहून दाखवतो. खालच्या पानाच्या टोकापासून मधल्या शिरेच्या बाजूने पिवळेपणा आत सरकत आला, तर नत्र कमी पडलंय. कोवळ्या रोपाच्या पानांच्या कडा जांभळ्या झाल्या, तर स्फुरद नीट मिळत नाही. शेतकरी वावरात शिरला की आधी पानं बघतो, ती का, हे आता तुम्हाला कळलं.

याच पोंग्यात एक पाहुणीही लपते. अमेरिकन लष्करी अळी. भारतात ती पहिल्यांदा 2018 साली कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोहोचली. तिचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत उडू शकतो, मग दुसरं काय होणार? तिला ओळखायचं कसं? डोक्यावर इंग्रजी उलटा ‘वाय’ आणि शेपटीकडे चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके. दिवसा ती पोंग्यात दडून बसते. मोठ्या झालेल्या अळ्या एकमेकींनाही खातात, म्हणून एका पोंग्यात बहुतेक वेळा एकच दांडगी अळी सापडते. पानांवर एका ओळीत भोकं दिसली किंवा पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी ओली विष्ठा दिसली, की समजायचं, बाई आत आहेत.

अळी मोजायला शेतकरी एकत्र जमतात, त्याला शेतीशाळा म्हणतात. या शाळेला भिंती नाहीत. कृषी विभागाचे कर्मचारी आणि गावातले शेतकरी एखाद्या वावरात भेटतात, ठरावीक झाडं निवडतात, आणि प्रत्येक झाडावर अळ्या किती, अंडी किती, मित्रकीटक किती, हे मोजतात. मग मोठमोठी माणसं कागद पसरून, रंगीत पेनं घेऊन चक्क चित्र काढतात! मधोमध मक्याचं झाड, एका बाजूला पीक खाणारे किडे, दुसऱ्या बाजूला त्या किड्यांना खाणारे. चित्र बघून ठरतं, फवारायचं की नाही. ही पद्धत 1989 साली इंडोनेशियातल्या भातशेतीत सुरू झाली आणि तिथून जगभर गेली. मला ती फार मोलाची वाटते, कारण आधी मोजायचं आणि मग औषधाला हात लावायचा, हे ती शिकवते. अळ्या थोड्या असतील तर अंड्यांचे पुंजके हाताने चुरगळून, निंबोळी अर्क फवारून किंवा पाखरांना बसायला पक्षिथांबे रोवूनही काम भागतं. तुमच्या घरी शेती असेल तर मोजायला जरूर जा. फवारणी चालू असताना मात्र वावराच्या आसपासही फिरकू नका.

ऑगस्ट येतो आणि मक्याच्या हंगामातला सगळ्यात महत्त्वाचा आठवडा उजाडतो.

झाडाच्या डोक्यावर तुरा फुटतो. ती नरफुलं. दोन-तीन दिवसांनी खाली, पानाच्या बेचक्यातल्या कणसातून रेशमी केस बाहेर येऊ लागतात. ती मादीफुलं. दव वाळलं की सकाळी नऊ-दहाच्या सुमारास तुऱ्यातून पिवळी भुकटी झडायला लागते. एकेक कण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, आणि एका तुऱ्यातून असे लाखो कण! मधमाशीवर मका अवलंबून नाही. त्याला वारा पुरतो. कण केसावर पडला की चिकटतो, त्यातून एक नळी फुटते आणि केसाच्या आतून खाली, थेट दाण्याच्या जागेपर्यंत वाढत जाते. वीतभर लांब केसाचा हा सगळा प्रवास साधारण एका दिवसात पुरा होतो. नळी पोहोचली की दाणा धरला. एखाद्या केसावर कण पडलाच नाही, तर त्याची दाण्याची जागा रिकामी राहते. कणसावर अधूनमधून पडलेल्या दातांसारख्या खिंडी दिसतात ना, त्या याच.

केसही मोठे चिवट. पराग मिळेपर्यंत ते वाढतच राहतात, सुरुवातीला दिवसाला इंचभर. म्हणून कणसावर खूप लांब, ताजे केस दिसले तर शेतकरी खूश होत नाही. ते अजून वाट बघतायत, हे त्याला कळतं. कणसाच्या बुडाकडचे केस आधी बाहेर येतात, टोकाकडचे शेवटी. नेमका त्याच वेळी पावसाने खंड दिला तर शेवटचे केस उशिरा निघतात, तोवर तुरे रिकामे झालेले असतात, आणि कणसाचं टोक बोडकं राहतं. विहिरीजवळच्या तुकड्याचा खरा उपयोग या आठवड्यात होतो.

आता शेतकऱ्याची एक युक्ती सांगतो. केस आल्यावर चार-पाच दिवसांनी, परवानगी घेऊन, एक कणीस तोडायचं. मोठ्या माणसाने त्याची साल उभी चिरून, केस न ओढता, अलगद काढायची. मग कणीस धरून हलवायचं. ज्या दाण्यांचं काम झालं, त्यांचे केस आपोआप गळून पडतात. जे चिकटून राहिले, ते दाणे अजून व्हायचे आहेत. दाणे दिसण्याच्या कितीतरी आधी पीक किती येणार, याचा अंदाज असा हातात मिळतो.

बहुतेक दाण्यांचा पराग शेजारच्या झाडांवरून येतो, कारण स्वतःचा तुरा आधीच झडायला लागलेला असतो. कुंडीत एकटा मका लावून बघा, कणीस विरळ भरेल. आठ-दहा झाडं जवळजवळ, चौकोनात लावली तर भरतील. आणि पांढऱ्या मक्याच्या कणसात मधेच चार पिवळे दाणे दिसले, तर जवळपास कुणीतरी पिवळा मका पेरलाय, हे नक्की. वाऱ्याने बातमी आणली!

तान्ह्या पोळ्याच्या सुमारास दाणे दुधावर येतात. नख रोवलं की पांढरा चीक निघतो. हे सगळ्यांनाच कळतं: पोपटांना, माकडांना, रोह्यांना आणि सगळ्यात जास्त रानडुकरांना. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य 2012 साली जाहीर झालं. जंगलाच्या कडेची वावरं म्हणजे डुकरांच्या वाटेवरचीच. एक कळप रात्रीत सगळा तुकडा आडवा करू शकतो. म्हणून मचाणावर बसून जागल करावी लागते, डबे वाजवावे लागतात. तुमच्या हातात भुट्टा येतो, त्यामागे कुणाची तरी अशी जागी रात्र असू शकते. तो तोडल्यावर लवकर खा, कारण तोडल्या क्षणापासून दाण्यातली साखर पिठात बदलायला लागते.

वाळवायचा मका मात्र झाडावरच ठेवतात. दाण्याच्या बुडाशी बारीक काळा थर दिसला की झाडाने दाण्याला खाऊ घालणं बंद केलं. मग कापणी आणि कडक उन्हात वाळवणं, नाहीतर बुरशी धरते.

एवढी राखण कशाला? कारण मका एकटा जगूच शकत नाही. त्याचा रानटी पूर्वज मेक्सिकोतलं एक गवत आहे. त्याच्या कणसाला कठीण कवचातले जेमतेम पाच ते बारा दाणे असतात आणि पिकले की आपसूक विखुरतात. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या बी निवडत त्याचा मका केला. दाणे मोठे झाले, शेकडो झाले, पण कणसाला घट्ट चिकटून पानांत गुंडाळले गेले. आजचं कणीस तसंच जमिनीवर पडलं, तर सगळे दाणे एकाच जागी उगवून एकमेकांना मारतील. ते सोलून, सोडवून, अंतरावर पेरायला माणूसच लागतो.

आता तुमच्यासाठी काम. पुढचा भुट्टा खाण्याआधी दाण्यांच्या ओळी गोल फिरवून मोजा. 12, 14, 16 अशी समसंख्याच येईल, कारण मक्याची मादीफुलं जोडीजोडीने येतात. विषम आली तर पुन्हा मोजा. तरीही विषमच आली, तर ते कणीस खाऊ नका, जपून ठेवा आणि तुमच्या विज्ञानाच्या बाईंना दाखवा.